घट्ट बसलेला स्पार्क प्लग न मोडता कसा काढावा?
मावळातील मालवाहू गाड्यांच्या मालकांना व ग्राम कार्यकर्त्यांना उपयुक्त माहिती

मावळ तालुक्यातील शेतमाल बाजारपेठेत पोहोचविण्याचे काम आज मोठ्या प्रमाणावर छोट्या मालवाहू गाड्या करीत असतात. अंदर मावळ, नाणे मावळ व पवन मावळ या तिन्ही खोऱ्यांतील दूध व भाजीपाला, वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात विकसित होऊन १९८७ मध्ये प्रसारित झालेला इंद्रायणी भात आणि तळेगाव परिसरातील हरितगृहांतील गुलाब हा सर्व माल वेळेवर निघाला तरच त्याला भाव मिळतो. भात दोन दिवस थांबू शकतो. दूध थांबत नाही, आणि फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यातील गुलाब तर एक दिवसही थांबत नाही. अशा वेळी गाडी गॅरेजमध्ये अडकून पडली, तर होणारे नुकसान दुरुस्तीच्या खर्चापेक्षा कितीतरी अधिक असते.

गाडी अडकून पडण्याचे एक कारण अगदी क्षुल्लक वाटणारे, परंतु पूर्णपणे टाळता येण्याजोगे आहे. ते म्हणजे बदलावयास घेतलेला स्पार्क प्लग इंजिनातच मोडणे. प्लग ही थोडक्या किमतीची वस्तू. पण तो आत मोडला किंवा त्याने इंजिनाच्या हेडचे आटे ओरबाडून नेले, तर हेड उतरवावे लागते आणि गाडी अनेक दिवस उभी राहते. प्लग कशामुळे अडकतो व तो धीराने कसा काढावा, याची माहिती या लेखात दिली आहे.

प्लग पुन्हा ट्रकमध्ये आला

डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. तेथे दाबाने तापलेल्या हवेत इंधन आपोआप पेट घेते. पेट्रोल व सी.एन.जी. या इंधनांना मात्र ठिणगी लागते. एके काळी आपल्याकडील मालट्रक बव्हंशी पेट्रोलवर चालत. टाटांच्या कारखान्याने डैमलर-बेंझच्या सहकार्याने १९५४ मध्ये डिझेल ट्रक तयार करण्यास आरंभ केला आणि पुढे मालवाहतुकीतून पेट्रोल ट्रक मागे पडत गेला. ट्रक दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींच्या एका पिढीचा हात त्यामुळे डिझेलवरच बसला.

सी.एन.जी.च्या प्रसारामुळे स्पार्क प्लग मालवाहू गाड्यांत पुन्हा आला आहे. परंतु मधल्या काळात इंजिने बदलली. जुन्या पेट्रोल ट्रकांची हेडे बहुधा बिडाची असत व जोर सोशीत. आजच्या छोट्या गाड्यांची हेडे ॲल्युमिनियमची असतात. ॲल्युमिनियम हलका व मऊ धातू आहे. पोलादी प्लग जोराने फिरविला तर हेडचे आटे प्लगबरोबर बाहेर येतात. डिझेल इंजिनावर शोभणारा जोर येथे घातक ठरतो, ही गोष्ट प्रथम ध्यानी घ्यावी.

प्लगची रचना

प्लगचे तीन भाग ओळखता आले पाहिजेत. पहिला भाग म्हणजे पोलादी कवच. त्याच्या वरच्या भागाला पाना लावण्यासाठी सहा पैलू असतात व खालच्या भागावर आटे असतात. दुसरा भाग म्हणजे मधली पांढरी चिनी मातीची नळी. ती विजेला आडवून धरते. ती उष्णता सोसते, परंतु आडवा धक्का सोसत नाही. तिसरा भाग म्हणजे टोकाकडील दोन इलेक्ट्रोड. त्यांच्यातील फटीत ठिणगी पडते. कवच व हेड यांच्यामध्ये बहुतेक प्लगांना एक वायसर असतो. काही प्लगांना वायसर नसतो व ते निमुळत्या बैठकीवर बसतात.

आट्यांचा व्यास बहुधा १४, १२ किंवा १० मिलिमीटर असतो. व्यास जितका कमी तितके कवच नाजूक व तितका जोर कमी लावावयाचा, हे सूत्र लक्षात ठेवावे.

प्लग अडकण्याची कारणे

प्लग अडकला म्हणजे गंजला, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः कारणे चार आहेत आणि प्रत्येकावर उपाय वेगळा आहे.

पहिले कारण गंज. लोणावळ्यास वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. पूर्वेकडे वडगाव-तळेगावकडे तो झपाट्याने कमी होत जातो, तरी जून ते सप्टेंबर हवेतील दमटपणा सर्वत्र असतोच. त्यात लावणीच्या दिवसांत चिखलाने माखलेली गाडी जोराच्या पाण्याने धुतली जाते. अनेक इंजिनांत प्लग खोल खोबणीत बसविलेला असतो. त्या खोबणीत पाणी शिरले की ते लवकर सुकत नाही. पोलाद व ॲल्युमिनियम हे दोन भिन्न धातू ओलाव्यात एकमेकांना टेकून राहिले म्हणजे ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते. ही भुकटी आट्यांत दाटून बसते व प्लग जखडला जातो.

दुसरे कारण काजळी. प्लगचे टोक ज्वलनकक्षात असते. इंजिन तेल जाळीत असेल किंवा आखूड अथवा जास्त लांब मापाचा प्लग बसविला असेल, तर आट्यांच्या खालच्या वेढ्यांवर काजळी कठीण होऊन बसते. अशा वेळी प्लग प्रथम सहज सैल होतो आणि एक-दोन फेऱ्यांनंतर अचानक घट्ट होतो. ही काजळीची खूण होय.

या कारणाचे प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील आहे. फोर्ड कंपनीच्या एफ-१५० या मालवाहू गाडीच्या २००४ ते २००८ या काळातील ५.४ लिटर, तीन झडपांच्या इंजिनात दोन तुकडे जोडून केलेला लांब टोकाचा प्लग होता. टोकाभोवती काजळी धरून तो इतका जखडे की, वरचा भाग हाती येई व खालचा भाग आत राही. अखेर कंपनीने खास कार्यपद्धती प्रसिद्ध केली. तिचे सार असे: इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे, प्लग एक अष्टमांश ते पाव फेरी इतकाच सैल करावा, भोवती काजळी सोडविणारे द्रव घालावे, निदान पंधरा मिनिटे वाट पाहावी, आणि मग पुढे-मागे फिरवीत हळूहळू काढावा. एवढ्या मोठ्या कारखान्याने न मोडता प्लग काढण्याची जी रीत सांगितली, तिला नवे हत्यार लागत नव्हते. थांबणे हाच त्यातील मुख्य भाग होता.

तिसरे कारण बसविताना लावलेला फाजील जोर. प्लग सैल राहू नये म्हणून लांब दांड्याने आवळण्याची सवय पुष्कळांना असते. त्यामुळे आटे ताणले जातात व पुढील वेळी काढताना तुटतात.

चौथे कारण दिरंगाई. उत्पादकाने ठरविलेले अंतर उलटून गेल्यावरही प्लग बदलला नाही, तर वरील तिन्ही कारणांना काम करण्यास अधिक वेळ मिळतो. सी.एन.जी. पेटविण्यास पेट्रोलपेक्षा अधिक दाबाची वीज लागते, त्यामुळे या गाड्यांत झिजलेला प्लग लवकर त्रास देऊ लागतो. घाट चढताना भरलेली गाडी धक्के देऊ लागली की मालक गॅरेज गाठतो आणि नेमक्या त्याच वेळी त्याला घाई असते.

कामाची तयारी

काम सपाट, मोकळ्या व हवेशीर जागी करावे. गाडी रात्रभर उभी असावी म्हणजे इंजिन थंड मिळते. सी.एन.जी. गाडीची टाकी सुमारे २०० बार दाबाने भरलेली असते. म्हणून प्रथम टाकीची झडप बंद करून नळीतील उरलेला वायू इंजिन चालवून संपवावा. वायूच्या नळ्यांना हात लावू नये. ते काम अधिकृत कारागिराचे आहे. जवळपास विडी, चूल अथवा उघडा दिवा नसावा. नंतर बॅटरीची ऋण तार सोडवावी.

पुढील साहित्य जवळ ठेवावे: प्लगच्या नेमक्या मापाचा, आत रबर असलेला सॉकेट पाना, सरळ जोडदांडी, साधारण २५ सेंटिमीटर लांबीचा दांडा, शक्य तर टॉर्क पाना, गंज सोडविणारे पातळ तेल, काजळी सोडविणारे द्रव, हवा मारण्याचा पंप, बारीक ब्रश, फडके व विजेरी. हातमोजे व चष्मा वापरावा. बंदुकीसारखा यांत्रिक पाना प्लग काढण्यासाठी कधीही वापरू नये.

काढण्याची रीत

(१) प्लगवरील कॉइल अथवा टोपी काढताना ती प्रथम थोडी पिळून सैल करावी व सरळ वर ओढावी. तार धरून ओढू नये. तारा अनेक असल्यास त्यांना क्रमाने खुणा कराव्यात.

(२) खोबणीत विजेरीने पाहावे. पाणी, चिखल अथवा तेल असल्यास ते फडक्याने टिपावे व पंपाने हवा मारून खोबण स्वच्छ करावी. येथील एक खडा सिलिंडरमध्ये पडला तर तो भिंतीवर ओरखडे पाडतो. खोबणीत इंजिन तेल आढळल्यास वरच्या झाकणाचे रबर गेले आहे असे समजून तेही बदलावे.

(३) सॉकेट पाना प्लगवर पूर्ण खाली बसला आहे याची खात्री करावी. अर्धवट बसलेला किंवा कललेला पाना चिनी मातीची नळी फोडतो. एक हात पान्याच्या माथ्यावर ठेवून तो सरळ धरावा व दुसऱ्या हाताने दांडा फिरवावा.

(४) दांडा झटक्याने ओढू नये. जोर सावकाश वाढवीत न्यावा. प्लग हलला की एक अष्टमांश ते पाव फेरी एवढाच सैल करून थांबावे.

(५) खोबणीत पुन्हा हवा मारावी. मग गंज सोडविणारे तेल थोडेसे घालावे. काजळीचा संशय असल्यास काजळी सोडविणारे द्रव थोडेसेच घालावे. निदान पंधरा मिनिटे थांबावे. गाडी जुनी असल्यास तासभर अथवा रात्रभर थांबणे अधिक चांगले.

(६) आता प्लग थोडा आवळावा व पुन्हा थोडा सैल करावा. पाव फेरी पुढे, पाव फेरी मागे, मग अर्धी फेरी, अशा रीतीने तो मोकळा करीत जावे. मागे जाताना सुटलेली काजळीची व गंजाची भुकटी तेलात मिसळून आट्यांतून सरकते. एकाच दिशेने फिरवीत राहिल्यास हीच भुकटी पाचरीसारखी अडकते.

(७) कोरडी किरकिर ऐकू आली किंवा जोर वाढवावा लागला तर तेथेच थांबावे. प्लग पुन्हा थोडा आत फिरवावा, तेल घालावे व वाट पाहावी. ही किरकिर म्हणजे धातू धातूला खात असल्याची सूचना आहे.

(८) प्लग बोटांनी फिरू लागला म्हणजे धोका टळला. तो बाहेर काढून ज्या सिलिंडरचा त्या क्रमाने ठेवावा आणि छिद्र स्वच्छ फडक्याने झाकावे.

प्लग मुळीच हलत नसेल तर

पहिल्या प्रयत्नात प्लग न हलल्यास दांड्यावर नळी चढवून जोर वाढविण्याचा मोह होतो. तो आवरावा. प्रथम रात्रभर तेल मुरू द्यावे. दुसऱ्या दिवशी प्लग आवळण्याच्या दिशेने अगदी किंचित जोर द्यावा व मग सैल करावा. आवळण्याच्या बाजूने मिळालेला हा सूक्ष्म हिसका पुष्कळदा गंजाचा थर मोडतो.

तरीही यश न आल्यास उष्णतेचा बेताने उपयोग करता येतो. उष्णतेने ॲल्युमिनियम पोलादाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते, म्हणून हेड कोमट झाले की प्लगवरील पकड थोडी सैल होते. खोबणीतील तेल व द्रव पूर्ण टिपून कोरडे होऊ द्यावे, सर्व जोडण्या पूर्ववत कराव्यात आणि इंजिन दोन-तीन मिनिटेच चालवून बंद करावे. मग बॅटरीची तार पुन्हा सोडवून, हेडला हात सहज लावता येतो अशा कोमट अवस्थेत प्रयत्न करावा. इंजिन कडक तापलेले असताना प्लग काढू नये, कारण तेव्हा आटे लवकर ओरबाडले जातात. ज्योत तर कधीच लावू नये.

या उपायांनंतरही प्लग जागचा हलत नसेल, तर थांबणे हेच शहाणपण होय. न मोडलेला प्लग घेऊन गेलेल्या मालकाचे काम कुशल कारागीर थोडक्यात करू शकतो. मोडलेला प्लग घेऊन गेलेल्याला तो तसे आश्वासन देऊ शकत नाही.

प्लग मोडलाच तर

केवळ वरची चिनी मातीची नळी फुटली असेल तर घाबरण्याचे कारण नाही. पैलू शाबूत असतात. फुटलेले तुकडे बारीक नळी लावलेल्या हवा ओढणाऱ्या यंत्राने उचलून घ्यावेत. हवा मारून ते उडवू नयेत. मग त्याच पान्याने वरील रीतीने कवच काढावे.

कवच तुटून आटे आत राहिले असतील तर इंजिन स्टार्टरने एकदाही फिरवू नये. आतील तुकडा सिलिंडरमध्ये गेला तर पिस्टन व झडपा यांचे नुकसान होते. गाडी ओढून कारखान्यात न्यावी. तेथे उलट्या आट्यांच्या खास हत्याराने तुकडा काढतात आणि हेडचे आटे गेले असल्यास तारेचे नवे आटे बसवितात. हे काम चांगले झाले तर हेड वाचते.

काढलेला प्लग काय सांगतो?

काढलेला प्लग टाकून देण्यापूर्वी त्याचे टोक पाहावे. पेट्रोलवर चालणाऱ्या निरोगी इंजिनात ते फिकट तपकिरी दिसते. सी.एन.जी.वर ते अधिक पांढरट असते. कोरडी काळी काजळी असल्यास इंधन जास्त होत आहे किंवा हवेची गाळणी तुंबली आहे. ओली, तेलकट काळी टोके तेल ज्वलनकक्षात शिरत असल्याचे दाखवितात. टोक वितळलेले अथवा फोड आलेले असल्यास इंजिन फाजील तापत आहे किंवा प्लग चुकीच्या जातीचा आहे. खालचे काही आटेच काजळीने भरले असतील तर प्लगची लांबी तपासावी.

नवा प्लग बसविताना

आज नीट बसविलेला प्लग पुढील वेळी नीट निघतो. म्हणून काढण्याइतकीच काळजी बसविताना घ्यावी. काजळीचे द्रव आत गेले असल्यास, नवे प्लग बसविण्यापूर्वी कॉइलच्या जोडण्या व इंधनपुरवठा बंद ठेवून बॅटरीची तार जोडावी आणि छिद्रांवर फडके पसरून इंजिन दोन-चार फेऱ्या फिरवावे. आत साचलेले द्रव त्यामुळे बाहेर पडते. हे करताना तोंड छिद्रांपासून दूर ठेवावे. मग बॅटरीची तार पुन्हा सोडवून पुढील काम करावे.

प्लगचा क्रमांक व फट गाडीच्या पुस्तिकेप्रमाणेच असावी. सी.एन.जी. गाडीला पुष्कळदा निराळा प्लग सांगितलेला असतो. प्लग प्रथम हाताने, जोडदांडीच्या टोकाला धरून फिरवावा. तो वाकडा धरल्यास लगेच अडतो. तसे झाल्यास काढून पुन्हा सरळ धरावा.

टॉर्क पाना असल्यास पुस्तिकेतील आकडा पाळावा. पुस्तिका जवळ नसल्यास वायसरच्या प्लगांसाठी ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये पुढील सर्वसाधारण प्रमाण धरता येईल.

१४ मिलिमीटर आटे: २.५ ते ३ किलोग्रॅम-मीटर. म्हणजे २५ सेंटिमीटर दांड्याच्या टोकाशी १० ते १२ किलो वजनाइतका जोर.
१२ मिलिमीटर आटे: १.५ ते २ किलोग्रॅम-मीटर. त्याच दांड्यावर ६ ते ८ किलो.
१० मिलिमीटर आटे: १ ते १.२ किलोग्रॅम-मीटर. त्याच दांड्यावर ४ ते ५ किलो.

टॉर्क पाना नसल्यास वायसरचा नवा प्लग बोटांनी पूर्ण बसल्यावर अर्धी ते दोन-तृतीयांश फेरी आवळावा. तोच प्लग पुन्हा बसवीत असल्यास वायसर आधीच दबलेला असतो, म्हणून एक बारांश फेरी पुरते. निमुळत्या बैठकीचा प्लग बोटांनी बसल्यावर केवळ एक सोळांश फेरी आवळावा.

आट्यांना ग्रीस अथवा तेल लावण्याची चाल आहे. आजच्या बहुतेक प्लगांच्या आट्यांवर गंजरोधक मुलामा असतो व अनेक उत्पादक आणखी काही लावू नये असे सांगतात. वंगण लावल्याने प्लग हलका फिरतो व नकळत अधिक आवळला जातो.

वर्षाचे वेळापत्रक

मावळच्या हवामानात हे काम वर्षातून दोनदा लक्षात ठेवावे. वैशाखात, पावसाळा सुरू होण्यापूर्वी, प्लगच्या खोबणीवरील रबरी टोप्या तपासाव्यात व फाटलेल्या बदलाव्यात. दिवाळीच्या सुमारास भाताची काढणी सुरू होते. तिच्या आधी खोबणी उघडून त्यांत पाणी शिरले आहे काय ते पाहावे. प्लग बदलण्याचे अंतर जवळ आले असल्यास तो याच वेळी बदलावा, म्हणजे माल भरलेला असताना घाईने पाना हाती घेण्याची पाळी येत नाही. गाडी धुताना इंजिनावर पाण्याचा जोराचा झोत मारू नये.

ग्राम कार्यकर्त्यांना विनंती

चांगला सॉकेट पाना व टॉर्क पाना प्रत्येकाने विकत घेण्याची आवश्यकता नाही. गावातील शेतकरी गटाने अथवा सहकारी संस्थेने एक संच घेऊन तो सर्वांस वापरण्यास द्यावा. ग्राम कार्यकर्त्यांनी काढणीपूर्वी एखाद्या जाणत्या मिस्त्रीच्या साहाय्याने प्रात्यक्षिक ठेवावे. चालक व घरातील तरुण मुले-मुली यांना प्लग स्वतःच्या हाताने सैल करू द्यावा. नेमका जोर किती, हे वाचून कळण्यापेक्षा हाताला लवकर कळते. पेट्रोलवर चालणारे फवारणी पंप, गवत कापण्याची यंत्रे व कोळपणी यंत्रे यांनाही हाच प्लग असतो. पहिला सराव त्यांवर करता येईल.

गटाच्या फलकावर एवढी चार वाक्ये लिहून ठेवावीत: इंजिन थंड असावे. खोबण स्वच्छ असावी. पाव फेरी सैल करून तेल मुरू द्यावे. जोर वाढवावा लागला तर थांबावे.